मशीनचं फिनिशिंग

बाबा,

तुम्हांला मी कधीच पत्र लिहिलं नाही. तुमचं वारासिवनी ते माझं लालबर्रा, बसनं तासाभराचा रस्ता. पत्र टाकून ते पोचायच्या आत मीच दोनदा येऊन गेले असते. आता तुम्ही गेल्याला सोळा वर्षं झाली आणि मी लिहायला बसले आहे, तेही मराठीत. वर्गात दिवसभर हिंदी, घरात मुलांशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी. मराठी उरली होती ती तुमच्याशी आणि मायशी बोलण्यापुरती. तेव्हा चुका होतील. तुमची शाळा सातवीपर्यंतची, पण माझा ऱ्हस्व-दीर्घ पाहून तुम्ही मास्तरीणबाई म्हणून कसे हसायचात ते मी विसरलेले नाही.

लिहायचं निमित्त असं झालं. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराचं काम काढलं. मिस्त्री आला, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याच्याकडे कापायचं मशीन, घासायचं मशीन, भोकं पाडायचं मशीन आणि भिंतीवर लाल उजेडाची रेघ पाडून लेव्हल दाखवणारं एक डबडं. दोन दिवसांत कपाटं उभी राहिली. मी मनात म्हटलं, बाबांनी हे पाहिलं असतं तर त्यांना जेवण गेलं नसतं. तिसऱ्या दिवशी एक खण अडकायला लागला. त्यानं एकेक मशीन हातात घेऊन खाली ठेवलं, दाराकडे एकदा पाहिलं, आणि पिशवीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला छोटासा लाकडी रंधा काढला. दोन हात फिरवले आणि खण लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मी विचारलं, हा लपवून का ठेवलास? तो लाजला. म्हणाला, मैडम, ग्राहकानं हा पाहिला की त्याला वाटतं मिस्त्री मागासलेला आहे. मी आत गेले आणि तोंडाला पदर लावून हसले. तो बिचारा बाहेर समजत असेल की बाईंना काम आवडलं नाही.

त्या दिवसापासून आपली ओसरी डोळ्यांपुढून हलत नाही. ओसरी म्हणजेच दुकान. भिंतीवर खिळ्यांना तीन करवती, फळीवर उंचीप्रमाणे लावलेल्या पटाश्या, गिरमिट, गुण्या, आणि खाली गोणपाटावर पाच रंधे. त्यातला सर्वांत लांब आजोबांनी स्वतः घडवलेला, शिसवाचा. त्याच्या मुठीपाशी आधी त्यांच्या आणि मग तुमच्या तळव्यानं खळगा पडला होता. सकाळी चहाच्या आधी तुम्ही पातं काढायचात, तेल लावलेल्या दगडावर फिरवायचात, आणि धार आली का ते डाव्या हातावरचे केस उडवून बघायचात. तुमच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस असे नव्हतेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या बापांचा डावा हात असाच असतो. शाळेत गुरुजींचा केसाळ डावा हात पाहिला तेव्हा मी घरी येऊन सांगितलं होतं की गुरुजींना काहीतरी आजार आहे.

या हत्यारांना हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. मायनं एकदा लावला. तुपाचा डबा उघडेना म्हणून तिनं तुमची सर्वांत रुंद पटाशी घेतली आणि झाकणात घालून पिरगाळली. डबा उघडला, पटाशीच्या धारेला तांदळाएवढा खड्डा पडला. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडला असतात तर बरं झालं असतं. तीन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत आणि सगळा व्यवहार माझ्यामार्फत झाला. ती चुलीपाशी, तुम्ही पाटावर, मध्ये दोन हात जागा. तुम्ही म्हणायचात, "तुह्या मायले सांग, वरन पाह्यजे." मी मान वळवून तिला सांगायची. तिसऱ्या दिवशी मायनं पळी खाली ठेवली. "तुह्या बापाले सांग," ती म्हणाली, "थ्या पटाशीसंगच लग्न लावलं असतं तं तिनंच वरन वाढलं असतं." तुम्हांला हसताना ठसका लागला, आणि पाणीही तुम्ही तिच्याकडेच मागितलंत.

मग तुमचा खांदा गेला. उजवा. हात कानाच्या वर जाईना, तरी तुम्ही काम सोडलं नाहीत. मी तोवर लालबर्‍याला मास्तरीण झाले होते. रजा काढून तुम्हांला बालाघाटला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, रंधा बंद. तुम्ही विचारलंत, करवत चालेल का? ते म्हणाले, नाही. मग वाकस? नाही. गिरमिट तरी? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की यांना ऐकायला कमी येतं का. त्याच दिवशी बाजारातून मी माझ्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी विजेचा रंधा घेतला. हिरव्या रंगाचा, मांजराएवढा. तुम्ही तो मांडीवर घेतलात, उलटा केलात, सुलटा केलात, वजन पाहिलंत आणि म्हणालात, "मस्त हाय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणालात, "मस्त हाय." जी गोष्ट तुम्हांला खरंच आवडायची तिच्याबद्दल तुम्ही एक शब्दही बोलत नव्हता, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी दर रविवारी फोन करायची, मशीन चालते ना? तुम्ही म्हणायचात, हौ, एक नंबर. दसऱ्याला घरी आले तर हत्यारांच्या पूजेत मशीनही मांडलेलं, खोक्यातच बसलेलं, फक्त झाकण उघडं. आजोबांच्या रंध्याला रुपयाएवढं कुंकू आणि मशीनला मुगाएवढं.

पुढच्या उन्हाळ्यात सेठजींचं काम आलं. त्यांची तांदळाची मिल होती आणि कटंगीच्या रस्त्याला नवं घर बांधून होत आलं होतं. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुपूजा. समोरचा मोठा दरवाजा पाहिजे, सागाचा, दोन फळ्यांचा. तुमच्या हातात बऱ्याच दिवसांनी असं काम येत होतं. लोक तयार दरवाजे शोरूममधून आणू लागले होते, आणि तुम्हांलाही एका शोरूमवाल्यानं विचारलं होतं, पलंगांचे नटबोल्ट आवळायला येता का. हा दरवाजा हातचा गेला असता तर तुम्ही बहुतेक त्या नटबोल्टांच्या कामाला गेलाच असता. सेठजींची अट एकच होती. मायनं ती मला त्यांच्याच आवाजात करून दाखवली: "मिस्त्री, फिनिशिंग मशीन का चाहिए। हाथ का काम हमारे बाप के ज़माने में होता था।" तुम्ही एकदा आत मशीनच्या खोक्याकडे पाहिलंत म्हणे, आणि सांगितलंत, मशीन आहे ना आपल्याकडे, पोरीनं आणली आहे.

मला हे काही माहीत नव्हतं. शाळेला सुट्टी लागली आणि मी ठरल्याच्या एक दिवस आधीच वारासिवनीला उतरले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मशीनचा आवाज आला. काय सांगू, छाती भरून आली. शेजारणीला मी चालता चालता म्हटलंसुद्धा, बाबा मशीन वापरतात आता. ओसरीत पाय ठेवला तर मशीन कोपऱ्यात गोणपाटावर एकटंच भुंकतंय, त्याचं बटण मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं. आणि तुम्ही पाठमोरे, आजोबांचा लांब रंधा दोन्ही हातांनी धरून सागाच्या फळीवर झुकलेले. माय खाली बसून कुरळे छिलके गोळा करते आहे. तुम्ही वळलात. चिंधी सोडलीत. आवाज बंद झाला.

"तू उद्या येनार होती ना?" तुम्ही म्हणालात.

मी खूप चिडले होते, बाबा. बॅग हातातच होती. मी विचारलं, हे काय चाललं आहे? तुम्ही शांतपणे समोरच्या धान्याच्या दुकानाकडे बोट केलंत. तिथे सेठजी रोज दुपारभर येऊन बसत, दुकानदार त्यांचा मित्र; तिथून त्यांना तुमची पाठ तेवढी दिसायची. "थ्याले आवाज पाह्यजे, आवाज देऊन राह्यलो," तुम्ही म्हणालात. "थ्याले फिनिशिंग पाह्यजे, थेही देऊन राह्यलो. दोनी एकाच डब्ब्यातून निघाले पाह्यजे असं थो नाही म्हनाला." मी म्हटलं, मी ते सेठजींसाठी आणलं नव्हतं, तुमच्या खांद्यासाठी आणलं होतं. त्यावर तुम्ही फळी पुसलीत. मग म्हणालात, "खांदा दुखते, खोटं काहून सांगू. पन थे मशीन धरली का हात मुका होते. रंधा मले सांगते, इथं शीर उलटी हाय, इथं गाठ हाय, फिरव फळी. मशीन नुसती बोंबलते. दुखला तं दुखला पोरी, मले माहा हात पाह्यजे."

मी बॅग ठेवली आणि हातपाय धुऊन त्या फसवणुकीत सामील झाले. चिंधीनं बांधलेलं मशीन सारखं तापत होतं, शिवाय एकसारखा आवाज कुणालाही खोटा वाटला असता. म्हणून मी ते हातात धरून बसायची. तुम्ही रंधा पुढे ढकलला की मी बटण दाबायची, तुम्ही मागे ओढला की सोडायची. दोन दिवसांत आपलं असं जमलं की भजनातले टाळकरी मागे पडावेत. मायकडे पुरावा नष्ट करायचं काम. रंध्याचे छिलके लांब, कुरळे निघतात आणि मशीनचा निघतो भुसा, हे सेठजींना कळलं असतं. म्हणून ती छिलके उचलून न्हाणीच्या चुलीत घालायची आणि आरामशीनवरून आणलेला भुसा ओसरीत पसरायची. इतकी वर्षं जी बाई तुमच्या कचऱ्यावरून भांडली ती आता विकतचा कचरा झारीनं पाणी घालावं तसा शिंपत होती.

सगळ्यात वाईट वेळ यायची ती लाईट गेली की. त्या उन्हाळ्यात ती रोज जायची, कधी दोन तास, कधी तीन. मशीन बंद, म्हणजे काम बंद असायला हवं. समोर सेठजी बसलेले. तुमच्या हातात रंधा, पुढ्यात फळी, उजेड भरपूर, धार लावून तयार, आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलेले, कारण लाईट नव्हती. ज्या माणसानं आयुष्यात ओसरीत बल्बसुद्धा लावू दिला नाही तो लाईटची वाट पाहत खांबाच्या तारेकडे डोळे लावून बसायचा. सेठजी तिकडून विचारायचे, क्या मिस्त्री, बैठ गए? तुम्ही म्हणायचात, क्या करें सेठजी, मशीन का काम है। आणि आत येऊन मला सांगायचात की ही मशीन घेणाऱ्यांचं काही खरं नाही, सगळे लाईटचे गुलाम.

दरवाजा अखजीच्या चार दिवस आधी बसला. मला आजही तो पाहिला की वाटतं, लाकूड असं दिसू शकतं हे लोकांना माहीतच नाही. वास्तुपूजेला आपण तिघंही जेवायला गेलो. सेठजी येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून दरवाजावर फिरवत होते आणि म्हणत होते, देखिए, मशीन की बात ही अलग है। तुम्ही पंगतीच्या टोकाला बसून मान खाली घालून बुंदी खात होता. तेवढ्यात रामपायलीचे एक म्हातारे मिस्त्री आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत, नातवाच्या ओळखीनं बोलावलेले. सेठजींनी त्यांचाही हात दरवाजावर ठेवला. म्हाताऱ्यानं तळवा वरून खालपर्यंत सावकाश नेला. डोळे मिटलेले. सेठजी पुढच्या पाहुण्याकडे वळले तसे ते तुमच्याजवळ येऊन बसले.

"मशीन जुनी दिसते," ते म्हणाले.

"हौ," तुम्ही म्हणालात. "माह्या बापाच्या हातची हाय."

म्हाताऱ्यानं भात कालवला. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "खांदा दुखत असंन?"

"दुखते."

त्यांनी स्वतःच्या पानातली बुंदी उचलून तुमच्या पानात घातली. एवढंच. पण घरी आल्यावर तुम्ही बोलेनासे झालात. मायला वाटलं, जेवण बाधलं. मला वाटलं, खोटं बोलल्याचं लागलं असेल. मी समजूत घालायला गेले तर तुम्ही म्हणालात की खोट्याचं काही नाही, लोक रोज बोलतात. दुःख निराळंच होतं. एक त्या म्हाताऱ्याला कळलं, बाकी सगळं गाव त्या हिरव्या डबड्याला नमस्कार करत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही धुतलेला सदरा घातलात, आजोबांचा रंधा कापडात गुंडाळलात आणि मला म्हणालात, चल, साक्षीला.

सेठजी आपल्या नव्या दरवाजात उभे होते. तुम्ही सगळं सांगितलंत. मशीन रिकामी चालवली, काम या रंध्यानं केलं, ही पोरगी बटण दाबत होती. रंधा उघडून दाखवलात. मला वाटलं, आता हा माणूस दरवाजा उखडून आपल्या अंगावर टाकणार. सेठजींनी रंधा पाहिला, तुमच्याकडे पाहिलं, आणि तुमच्या दुखऱ्या खांद्यावरच हात ठेवला. "मिस्त्री, तुम सीधे आदमी हो। किसी ने जलन में कुछ कह दिया क्या? हाथ से ऐसा काम हो ही नहीं सकता।" तुम्ही म्हणालात, समोर करून दाखवतो, एखादी फळी द्या. ते हसले, चहा मागवला आणि म्हणाले, इतका विनय बरा नाही, मशीन घेतली आहे तर सांगायला लाजू नका.

परत येताना आपण रेल्वेच्या फाटकापर्यंत आलो. फाटक बंद होतं. तिथल्या पुलियाच्या, छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलात, रंधा मांडीवर. "थ्यानं मले शिवी देल्ली का शाबासकी?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दोन्ही. तुम्ही विचार केलात, आणि मग जे हसायला लागलात ते गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, सायकली निघून गेल्या तरी थांबला नाहीत. डोळ्यांतून पाणी. फाटकावरच्या माणसानं मला खुणेनं विचारलं, काय झालं यांना?

त्यानंतर मशीनचे दरवाजे मागायला सहा जण आले. प्रत्येकाला तुम्ही खरं सांगितलंत, आणि प्रत्येकानं ते ऐकून मान डोलावली आणि विचारलं, पण आमचं मशीननंच कराल ना? खांद्यानं दोनच होऊ दिले. मग पाट, लाटणी, माझ्या थोरल्याचा पाळणा. आणि पाहुणा कुणीही येवो, सेठजींची गोष्ट तुम्ही सांगायचात, शेवटी ‘हाथ से ऐसा काम हो ही नहीं सकता’ हे वाक्य त्यांच्या आवाजात, आणि मग डोळे पुसायचात. शेवटच्या आजारातही डॉक्टरांना सांगितलीत. डॉक्टरांना कळली नाही.

त्या गोष्टीत एक जागा आहे बाबा, जी मी तुम्हांला कधी सांगितली नाही. एका दुपारी तुम्ही आत जेवत होता. सेठजी समोर बसलेले, आवाज तर हवा, म्हणून मी एकटीच मशीन चालू-बंद करत होते. डाव्या फळीचा खालचा भाग तुम्ही अर्धामुर्धा तासून ठेवलेला होता. का केलं माहीत नाही. रागही होता थोडा, माझी भेट कोपऱ्यात भुंकत पडली होती त्याचा. मी मशीन फळीच्या टोकाला टेकवलं आणि पुढे ढकललं. दोनदाच. वीतभर जागा असेल. भुसा उडाला, माझ्या हाताला झिणझिण्या आल्या, आणि मी घाबरून मशीन उचललं. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, सवयीनं फळीवरून तळवा फिरवलात, त्या जागेवर थांबलात, परत मागे नेलात. "इथं हात चांगला बसला आज," तुम्ही म्हणालात. "बाकीचंही असंच आलं पाह्यजे." आणि तो दुखरा खांदा घेऊन संध्याकाळपर्यंत उरलेली सगळी फळी त्या वीतभर जागेच्या बरोबरीला आणत बसलात. मी प्रत्येक हाताला बटण दाबत होते.

तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नसता, आणि आपल्यामध्ये निरोप सांगायला मायला बसावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं. आता हे पत्र वहीतच ठेवते. कुठल्या पत्त्यावर टाकणार. पण सेठजींना तुम्ही आयुष्यभर हसलात, आणि मीही तुमच्यासोबत हसले, ते मला आता बरं वाटत नाही. तो माणूस वीतभर खरं बोलत होता, बाबा.